‘हलू नका’: एमआरआयमधल्या एका सूचनेचा इतिहास

एमआरआय काढून आलेल्या कुणालाही विचारा, दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक म्हणजे मशीनचा तो ठकठक, घर्रघर्र आवाज. दुसरी म्हणजे आत सरकवण्याआधी टेक्निशियनने दिलेली तंबी: ‘अजिबात हलू नका हं, नाहीतर परत करावं लागेल.’ आवाजाबद्दल सगळेच बोलतात. मला त्या तंबीबद्दल लिहायचं आहे.

१९७७ मध्ये जिवंत माणसाच्या छातीचा पहिला एमआरआय घेतला गेला, तेव्हा चुंबकाची ताकद साधारण ०.०५ टेस्ला होती. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेने ११.७ टेस्लाच्या चुंबकात घेतलेली मानवी मेंदूची चित्रं जगापुढे ठेवली. म्हणजे दोनशेपटींहून जास्त वाढ. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. तुमच्या फोनमधला कंपास पृथ्वीच्या ज्या क्षेत्रावर चालतो, ते एका टेस्लाच्या वीस-पंचवीस हजाराव्या भागाइतकं असतं. यावरून बाकीच्या आकड्यांचा अंदाज येईल.

एमआरआयचा इतिहास बहुतेकदा या वाढत्या आकड्यांची शर्यत म्हणून सांगितला जातो. पण या सगळ्या काळात ‘हलू नका’ ही सूचना तशीच राहिली, किंबहुना चुंबक जितका ताकदवान तितकी ती कडक होत गेली. आणि ती पाळणं ज्यांना जमत नाही, म्हणजे लहान मुलं, वेदनेने तळमळणारी माणसं, कंपवाताचे किंवा स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, त्यांनाच या चित्राची गरज बऱ्याचदा सगळ्यात जास्त असते. जुने-नवे शोधनिबंध वाचताना मला हा इतिहास म्हणून वेगळा दिसू लागला. स्थिर राहण्याची जबाबदारी माणसाच्या अंगावरून मशीनच्या अंगावर कशी सरकत गेली आणि प्रत्येक वेळी त्याची काय किंमत मोजावी लागली, त्याचा हा इतिहास आहे.

पाण्याच्या दोन नळ्या आणि एक शिंपला

मूळ भौतिकशास्त्र एमआरआयपेक्षा बरंच जुनं. १९४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक गोष्ट दाखवून दिली. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना नेमक्या वारंवारतेच्या रेडिओ लहरी दिल्या की ती त्या शोषतात आणि मग स्वतः क्षीण रेडिओ संदेश परत देतात. नेमकी वारंवारता कोणती, हे क्षेत्राच्या ताकदीवर ठरतं: एका टेस्लाला साधारण ४२.६ मेगाहर्ट्झ. १९५२ चं नोबेल दोघांना मिळालं. पुढची वीसेक वर्षं हे तंत्र मुख्यतः रसायनशास्त्रज्ञांच्या हातात होतं. काचेच्या छोट्या नळीत नमुना भरायचा, चुंबकात ठेवायचा आणि संदेश मोजायचा. नळी काही हलत नाही. तिला तंबी द्यावी लागत नाही.

१९७१ मध्ये रेमंड डमॅडियन यांनी उंदरांच्या गाठींमधून येणारा संदेश निरोगी ऊतींपेक्षा वेगळा असल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॉल लॉटरबर या रसायनशास्त्रज्ञाला पिट्सबर्गजवळच्या एका हॅम्बर्गरच्या हॉटेलात कल्पना सुचली. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं ठेवण्याऐवजी त्याला मुद्दाम उतार द्यायचा. मग इकडची अणुकेंद्रं एका वारंवारतेवर बोलतील आणि तिकडची दुसऱ्या, आणि वारंवारतेवरून जागा ओळखता येईल. त्यांचा निबंध ‘नेचर’ने आधी परत पाठवला होता. १९७३ मध्ये तो छापला, तेव्हा त्यातलं चित्र होतं पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं. पुढे लॉटरबर यांनी त्यांच्या मुलीने समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या एका चिमुकल्या शिंपल्यातल्या जिवाचं चित्र घेतलं.

माणसाची पाळी आली ३ जुलै १९७७ ला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. डमॅडियन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या मशीनचं नाव होतं ‘इन्डॉमिटेबल’, म्हणजे न नमणारं. डमॅडियन आधी स्वतः आत बसले, पण त्यांच्या अंगाला कॉइल पुरेना. शेवटी एक सडपातळ विद्यार्थी बसला. या पद्धतीत मशीन छातीतल्या एका वेळी एकाच ठिपक्याचा संदेश घ्यायचं, आणि पुढच्या ठिपक्यासाठी माणसालाच थोडं सरकवावं लागायचं. पावणेपाच तासांनी १०६ ठिपक्यांचं चित्र तयार झालं. गंमत अशी, की जिवंत माणसाच्या छातीचं ते चित्र माणसाला पुन्हा पुन्हा हलवूनच मिळालं. आणि एवढ्या वेळात त्याच्या हृदयाचे आणि श्वासाचे हजारो हेलकावे त्या ठिपक्यांमध्ये मिसळून गेले.

हलल्यावर नेमकं काय बिघडतं?

फोनवर पॅनोरमा काढताना मध्येच कुणी चालत गेलं, तर तो माणूस चित्रात अर्धा कापलेला किंवा लांबुडका दिसतो. पण बाकीचं चित्र ठीक असतं, कारण कॅमेरा एकेक उभी पट्टी टिपत जातो आणि चूक त्या पट्टीपुरती राहते. एमआरआय असं चालत नाही.

आजचं बहुतेक एमआरआय चित्राचा तुकडा टिपत नाही. प्रत्येक मोजणीत ते संपूर्ण चित्राबद्दलची एक गोष्ट मोजतं: या चित्रात अमुक जाडीच्या, अमुक दिशेच्या पट्ट्यांचा अंश किती? जाड पट्ट्या ढोबळ आकार सांगतात, बारीक पट्ट्या कडा आणि तपशील. अशा शेकडो मोजण्या झाल्या की गणिताने त्या एकत्र करून चित्र उभं राहतं. सतार, तबला, तानपुरा वेगवेगळ्या दिवशी ध्वनिमुद्रित करून मग एकत्र गाणं बनवावं, तसंच काहीसं. त्यात एका दिवशी तानपुऱ्याची पट्टी बदलली तर चूक एका क्षणापुरती राहत नाही, अख्खं गाणं बेसूर होतं.

म्हणून मोजणीच्या मध्यात डोकं दोन मिलिमीटर सरकलं तर फक्त तेवढा भाग धूसर होत नाही. सगळ्या चित्रभर कवटीच्या कडेच्या पुसट आवृत्त्या उमटतात. रेडिऑलॉजिस्ट त्यांना भुतं म्हणतात. भुताची रेघ नेमकी एखाद्या रक्तवाहिनीवर पडली तर ती आजारासारखी दिसू शकते, किंवा खरा आजार झाकू शकते.

वेग हा पहिला उपाय

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे माणूस हलायच्या आत चित्र उरकणं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७७ मध्ये ती पद्धत मांडली. क्षेत्राचा उतार अतिशय वेगाने इकडून तिकडे पालटत राहायचं आणि एकाच झटक्यात सगळ्या मोजण्या घ्यायच्या. तिचं नाव एको-प्लेनार इमेजिंग. ती प्रत्यक्षात नीट चालायला बरीच वर्षं लागली, कारण इतक्या वेगाने उतार पालटणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. आज मेंदूचं कार्य पाहणाऱ्या फंक्शनल एमआरआयचा बहुतांश डोलारा याच पद्धतीवर उभा आहे.

पण वेगाने पालटणारं चुंबकीय क्षेत्र शरीरात वीजप्रवाह निर्माण करतं. १९७८ मध्ये मॅन्सफिल्ड यांचं संपूर्ण शरीर मावेल असं मशीन तयार झालं, तेव्हा या प्रवाहाने हृदयाची लय बिघडेल का, अशी शंका घेतली जात होती. पहिला माणूस म्हणून मॅन्सफिल्ड स्वतः आत गेले आणि ठणठणीत बाहेर आले. हृदय सुरक्षित राहिलं, तरी शंका अगदीच निराधार नव्हती. उतार पुरेसा वेगाने पालटला की हातापायांतल्या नसा उत्तेजित होतात, झिणझिण्या येतात, स्नायू फुरफुरतात. म्हणून या वेगाला आज आंतरराष्ट्रीय नियमांनी मर्यादा घातलेली आहे. तो कानठळ्या बसवणारा आवाजही याच पालटण्याचा: उतार देणाऱ्या कॉइलमधून जाणारा प्रवाह प्रचंड चुंबकाच्या आत तिला हिसके देतो.

हालचालीवरच्या प्रत्येक उपायाला सुरक्षिततेचा एक नवा प्रश्न चिकटून येतो, हे इथे पहिल्यांदा दिसतं. पुढेही दिसत राहतं.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये जॉन मॅलार्ड यांच्या गटाने दुसरी वाट घेतली. त्यांच्याही सुरुवातीच्या चित्रांचा हालचालीने विचका होत होता. १९८० मध्ये त्यांनी ‘स्पिन-वॉर्प’ नावाची पद्धत आणली. ती संथ होती, पण श्वास घेणाऱ्या जिवंत माणसाच्या बाबतीत जास्त भरवशाची. २८ ऑगस्ट १९८० ला त्यांनी एका रुग्णाची तपासणी केली, तेव्हा त्याच्या छातीतली गाठ, बिघडलेलं यकृत आणि हाडांत पसरलेला कर्करोग दिसला. डॉक्टरांच्या उपयोगी पडलेलं हे अगदी सुरुवातीचं एमआरआय. त्या पद्धतीची वंशावळ आजही जगभरच्या मशीनमध्ये चालू आहे, आणि वर सांगितलेली भुतंही तिच्याचबरोबर आली.

श्वासाशी जुळवून घेणं

१९८० च्या दशकात एमआरआय रुग्णालयांत पोचलं आणि पोटाची चित्रं श्वासाच्या भुतांनी भरून गेली. मेंदूच्या रुग्णाला ‘हलू नका’ म्हणता येतं. ‘श्वास घेऊ नका’ फार तर वीस सेकंद म्हणता येतं, तेही दम लागलेल्या रुग्णाला नाही.

१९८५ मध्ये एक चलाख तोडगा निघाला. छातीभोवतीच्या पट्ट्याने श्वास मोजायचा, आणि मोजण्यांचा क्रम श्वासाच्या लयीप्रमाणे असा लावायचा की भुतं जवळजवळ नाहीशी होतील. माणसाने मशीनशी जुळवून घेण्याऐवजी मशीनने माणसाच्या लयीशी जुळवून घेणं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रिचर्ड एमन आणि जोएल फेल्मली यांनी ‘नॅव्हिगेटर’ आणला. मुख्य मोजण्यांच्या अधेमधे एक छोटीशी जास्तीची मोजणी घ्यायची, जिचं काम एवढंच: अवयव आत्ता कुठे आहे ते सांगणं. मग मुख्य मोजणी त्यानुसार दुरुस्त करायची. १९९९ मध्ये जेम्स पाइप यांनी ‘प्रोपेलर’ पद्धत मांडली. तिच्यात मोजण्या पंख्याच्या पात्यांसारख्या मध्यबिंदूभोवती फिरत घेतल्या जातात. प्रत्येक पातं मध्यातून जातं, म्हणजे चित्राचा ढोबळ आकार दर वेळी पुन्हा मोजला जातो. दोन पात्यांचे ढोबळ आकार जुळले नाहीत, तर मधल्या काळात डोकं हललं हे कळतं, आणि किती हलले तेही. आज अस्वस्थ रुग्णाचा मेंदू तपासताना टेक्निशियन जो खास प्रोग्रॅम निवडतो, तो बऱ्याचदा याच कुळातला असतो.

यातही फुकट काहीच नव्हतं. जास्तीच्या मोजण्या म्हणजे जास्तीचा वेळ. जास्त वेळ म्हणजे हलण्याची जास्त शक्यता.

सात टेस्लाच्या आत

इतका त्रास असताना चुंबक मोठे का करायचे? कारण अणुकेंद्रांकडून येणारा संदेश फार क्षीण असतो, आणि क्षेत्र वाढवलं की तो बळकट होतो. बळकट संदेशातून जास्त बारीक ठिपके मिळतात. रुग्णालयात १.५ आणि ३ टेस्ला रुळले. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत माणसांसाठी ८ टेस्लाचं मशीन उभं राहिलं, १९९९ मध्ये मिनेसोटात ७ टेस्लाचं. ७ टेस्ला आणि त्यापुढच्या चुंबकांना आज ‘अल्ट्रा-हाय फील्ड’ म्हणतात. रोजच्या रुग्णसेवेसाठी ७ टेस्लाच्या मशीनला अमेरिकी नियामकांची पहिली मान्यता मिळाली ती २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल अठरा वर्षांनी. या मधल्या काळात बराच वेळ गेला तो सुरक्षिततेची आणि हालचालीची कोडी सोडवण्यात.

चुंबकाचा सगळ्यांना माहीत असलेला धोका म्हणजे लोखंड ओढून घेणं. २००१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर मशीनकडे ओढला जाऊन सहा वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतर अमेरिकेत एमआरआय विभागाची चार टप्प्यांत आखणी करण्याच्या मार्गदर्शक सूचना आल्या. तरीही जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात नातेवाइकासोबत आलेल्या एका तरुणाचा सिलिंडर आत नेताना तसाच बळी गेला. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगितलं गेलं होतं, हे कुटुंबीयांचं म्हणणं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे: या मशीनचं चुंबक रात्री, सुटीच्या दिवशी, कुणी आत नसतानाही चालूच असतं.

सात टेस्लाचे बाकीचे धोके मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. सुरुवातीपासून स्वयंसेवक सांगायचे की आत सरकताना गरगरतं, कधी तोंडात धातूची चव येते. बराच काळ समजूत अशी होती, की डोकं क्षेत्रातून हलतं म्हणून हे होतं. २०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डेल रॉबर्ट्स, डेव्हिड झी आणि सहकाऱ्यांनी लोकांना सात टेस्लाच्या मशीनमध्ये अंधारात स्थिर झोपवलं आणि त्यांच्या डोळ्यांचं चित्रीकरण केलं. डोळे एका बाजूला हळू सरकत होते आणि झटक्याने परत येत होते, माणूस आत असेपर्यंत. गिरकी घेतल्यावर होतात तसेच. ज्यांच्या आतल्या कानाचं तोल सांभाळण्याचं काम आजाराने थांबलं होतं, त्यांच्या डोळ्यांत ही हालचाल नव्हती. निष्कर्ष असा, की कानातल्या द्रवातून सतत वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहाला चुंबकीय क्षेत्र ढकलतं, द्रव दाब देतो, आणि तोल सांभाळणारं इंद्रिय मेंदूला कळवतं: तू फिरतो आहेस. ज्याला ‘हलू नका’ सांगून आत पाठवलं, त्याचा स्वतःचाच कान त्याला तो फिरत असल्याचं सांगत असतो. म्हणून अशा मशीनमध्ये माणसाला अगदी संथपणे आत सरकवतात.

दुसरा धोका उष्णतेचा. क्षेत्र वाढलं की रेडिओ लहरींची वारंवारता वाढते. १.५ टेस्लाला ती ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्लाला १२८. आपली एफएम स्टेशनं या दोहोंच्या मधे बसतात. ७ टेस्लाला ती ३०० च्या आसपास जाते, आणि मेंदूच्या ऊतीत या लहरीची लांबी जेमतेम १२-१३ सेंटिमीटर राहते, म्हणजे डोक्यापेक्षाही कमी. मग लहरी डोक्याच्या आतच एकमेकींवर आदळतात. कुठे त्यांची बेरीज होते, कुठे वजाबाकी. चित्रात काही भाग उजळ आणि काही काळे पडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उष्णताही सारखी पसरत नाही.

तुमच्या फोनवर स्टार हॅश ०७ हॅश डायल केलं तर ‘सार’ नावाचा आकडा दिसेल: शरीर दर किलोमागे किती वॅट ऊर्जा शोषतं त्याचा. भारतात फोनसाठी ही मर्यादा १.६ आहे. एमआरआयलाही हेच माप लावतात. नेहमीच्या तपासणीत डोक्यासाठी सरासरी मर्यादा ३.२ वॅट. दोन्हीकडे मोजायची रीत वेगळी असल्याने आकड्यांची थेट तुलना करू नये, पण काळजी तीच आहे. आणि एमआरआयमध्ये खरी चिंता सरासरीची नसून एखाद्या कोपऱ्यात साचणाऱ्या उष्णतेची आहे.

त्यावर तोडगा म्हणून एका मोठ्या अँटेनाऐवजी डोक्याभोवती अनेक छोट्या अँटेना आल्या. प्रत्येकीची ताकद आणि वेळ वेगळी जुळवायची, म्हणजे चित्र सगळीकडे सारखं उजळ होईल आणि उष्णता एकाच जागी साचणार नाही. हे गणित डोक्याच्या संगणकीय प्रारूपांवर करतात. पण प्रारूपातलं डोकं एका ठरलेल्या जागी असतं, आणि खरं डोकं हलतं. २०२० मध्ये कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी डोकं सरकल्यावर काय होतं ते संगणकावर तपासलं. काही स्थितींत एखाद्या बिंदूवरची शोषलेली ऊर्जा मूळ अंदाजापेक्षा बरीच वाढू शकते, असं दिसलं. म्हणून अशा मशीनमध्ये हिशेबाला वरून सुरक्षेची जादा सूट ठेवावी लागते.

इथे दोन वेगळे इतिहास एक होतात. कमी ताकदीच्या मशीनमध्ये हलण्याने चित्र बिघडत होतं. सात टेस्लाच्या आत हलणं हा सुरक्षिततेचाही प्रश्न होतो.

दातांवरची खूण

हलण्याचं मापही इथे बदलतं. ३ टेस्लावर ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो. ७ टेस्लावर तो अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली नेता येतो. मग कितीही आज्ञाधारक माणूस झोपला तरी श्वासाचा, गिळण्याचा, मान सैलावण्याचा हेलकावा एका ठिपक्याहून मोठा होतो. शिवाय श्वासाबरोबर छाती फुगते, तसं डोक्याजवळचं चुंबकीय क्षेत्रही किंचित बदलतं. या पातळीवर स्थिर माणूस असं कुणी उरतच नाही.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग आणि माग्डेबुर्ग इथल्या गटांनी यावर फोनमधल्या कॅमेऱ्याच्या स्टॅबिलायझेशनसारखा विचार केला. मशीनच्या आत एक कॅमेरा बसवायचा, डोक्यावर एक खूण लावायची, आणि डोकं सरकलं की मोजणीची चौकटच त्याच्यामागे सरकवायची, तीही मोजणी चालू असताना. खूण कुठे लावायची हा वरवर साधा, पण खरा कठीण प्रश्न. कपाळाची कातडी भुवई उडवली तरी सरकते. म्हणून त्यांनी प्रत्येक माणसाच्या वरच्या दातांचा साचा घेऊन मुखपट्टी बनवली आणि तिला खूण जोडली. वरचे दात कवटीशी घट्ट असतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हृदयाच्या ठोक्यागणिक डोक्याला बसणारा सूक्ष्म हिसकाही कॅमेऱ्याला दिसला. याच मार्गाने माग्डेबुर्गच्या गटाने एका जिवंत माणसाचा मेंदू अनेक सत्रांत टिपला आणि पाव मिलिमीटर ठिपक्याचं चित्र २०१७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं.

हे चित्र मी स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तेव्हा कौतुक वाटलं, आणि एक प्रश्नही पडला. दातांचा साचा द्यायला आणि तोंडात पट्टी धरून तासन्‌तास पडून राहायला तयार असलेला माणूस हा मुळात उत्तम स्थिर राहणारा माणूस आहे. ज्यांना दातच नाहीत, त्या आजोबांचं काय?

हलणाऱ्यांना वगळलं तर

हा प्रश्न मेंदूविज्ञानाला २०१२ मध्ये चांगलाच झोंबला. त्याआधी काही वर्षं फंक्शनल एमआरआयमधून असं दिसत होतं, की लहान मुलांच्या मेंदूत जवळजवळचे भाग जास्त जोडलेले असतात आणि लांबचे कमी, आणि वय वाढतं तसं हे पालटतं. सेंट लुईस इथले जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डोक्याची अगदी अर्ध्या मिलिमीटरची हालचालही हुबेहूब असाच आकृतिबंध निर्माण करते. त्याच वर्षी आणखी दोन गटांनी हेच सांगितलं. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. म्हणजे मेंदूच्या वाढीबद्दलच्या त्या निष्कर्षातला काही भाग मुलांच्या चुळबुळीचा होता.

यावर हललेली मोजणी फेकून देणं हा उपाय झाला. तो प्रामाणिक आहे, पण त्याने आणखी एक गोची होते. अतिचंचल मुलं, कंप असलेले वृद्ध, वेदनेत असलेली माणसं गाळणीतून गळून जातात आणि अभ्यासात मुख्यतः शांत पडून राहणारी उरतात. मग आपण ज्याला मेंदूचा नकाशा म्हणतो, तो शांत पडून राहणाऱ्यांच्या मेंदूचा नकाशा असतो.

रुग्णालयात वगळण्याची सोय नसते. तिथे मोजणी पुन्हा करतात. २०१५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका पाहणीत जवळपास २० टक्के मोजण्या हालचालीमुळे पुन्हा घ्याव्या लागल्याचं दिसलं, आणि एका मशीनमागे वर्षाचं नुकसान सुमारे १ लाख १५ हजार डॉलर निघालं. लहान मुलांना मग गुंगीचं औषध किंवा भूल देतात. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला, की तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा दीर्घकाळ दिलेल्या भुलीचा त्यांच्या वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात म्हणून ते निर्धोक, असं आपण म्हणतो. पण बाळाला स्थिर ठेवण्यासाठी दिलेलं औषध हा त्या तपासणीचाच धोका आहे. मशीन हालचाल सोसायला शिकलं तर ते औषध टळू शकतं. हालचाल दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे मी म्हणूनच सुरक्षेचं साधन म्हणून पाहतो.

अलीकडे हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडेही सोपवलं जातं. भुतांनी भरलेलं चित्र द्यायचं आणि स्वच्छ चित्र मागायचं. परिणाम थक्क करणारे असतात. पण फोनने रात्रीच्या फोटोत चंद्राचा तपशील स्वतःच भरला तर हसून सोडून देता येतं. मेंदूच्या चित्रात नसलेली गाठ भरली किंवा असलेली पुसली, तर नाही. म्हणून खरोखर डोकं कुठे सरकलं हे मोजून केलेली दुरुस्ती आणि दिसायला बरं म्हणून केलेली दुरुस्ती यांतला फरक डॉक्टरला कळला पाहिजे.

भोपळा, मग माणूस

पॅरिसजवळच्या साक्ले इथल्या ‘इझ्यू’ या मशीनचं चुंबक १३२ टनांचं आहे. त्यात १८२ किलोमीटर अतिसंवाहक तार आहे आणि ती गार ठेवायला साडेसात हजार लिटर द्रवरूप हेलियम लागतं. २०१९ मध्ये ते ११.७ टेस्लाला पोचलं. २०२१ मध्ये आत पहिल्यांदा गेला तो भोपळा. मानवी मेंदूची चित्रं जाहीर व्हायला २०२४ उजाडलं. मधल्या काळात २० निरोगी स्वयंसेवकांवर तोल, स्मरण, लक्ष, रक्तदाब, एवढंच काय, पेशींतल्या जनुकांना इजा होते का, याच्याही चाचण्या झाल्या. तुलनेसाठी चुंबकीय क्षेत्राविना तशाच चाचण्या दिलेला गट होता. अपाय आढळला नाही. चित्रं अवघ्या चार मिनिटांत घेतलेली, एका प्रतलात ०.२ मिलिमीटर ठिपक्याची आणि एक मिलिमीटर जाडीच्या कापांची. तसंच चित्र रुग्णालयातल्या मशीनवर घ्यायला तास लागले असते, आणि तेवढा वेळ तसं कुणी पडूनच राहू शकलं नसतं.

हा प्रकल्प पार्किन्सन आणि अल्झायमर यांसारख्या आजारांसाठी असल्याचं त्याचे कर्ते सांगतात. पार्किन्सनचा कंप हात स्वस्थ ठेवलेला असतानाच जास्त जाणवतो. ‘हलू नका’ म्हटल्याने तो थांबत नाही. अल्झायमरच्या रुग्णाला सूचना समजते, पण दोन मिनिटांनी ती लक्षात असेलच असं नाही. ते २० स्वयंसेवक निरोगी होते आणि सांगितलं तसे पडून राहिले. ११.७ टेस्लाचं हे अवाढव्य मशीन ज्यांच्यासाठी बांधलं, त्यांच्या बाबतीत मात्र स्थिर राहण्याचं काम बहुतेक त्या मशीनलाच शिकावं लागणार आहे.